वरण पलीकडे पोचलं

मे १९९६, शेवटचा रविवार. सकाळपासून मी नदीच्या पात्रात बुंदी पाडून घेत होते. येवल्याकडे माझं सासर. इथे शहरात इंदिरानगरच्या शेजारणींना हे सांगितलं की त्या डोळे मोठे करतात, ‘पात्रात?’ पण आमच्या नदीत वर्षाचे अकरा महिने वाळूच. एवढी सपाट जागा गावात दुसरी नाही. पुतणीच्या लग्नाच्या चुली तिथे मांडायचं मीच ठरवलं होतं. जाऊबाई नको म्हणत होत्या.

दुपारी उत्तरेच्या डोंगरावर एक काळा ढग येऊन बसला. बसला तो बसलाच, दोन तास हलेना. आमच्या डोक्यावर मात्र कडक ऊन. ‘तिकडं पडतोय’ एवढं बोलून आम्ही पुऱ्या लाटत राहिलो.

मग पाचोळ्यातून गुरं यावीत तसा आवाज झाला आणि वळणावरून पाणी आलं. लाट वगैरे नाही. काड्या, गोवऱ्या, कुणाची तरी चप्पल पुढे ढकलत येणारा तपकिरी फेस. पण चुली विझेपर्यंत ते गुडघ्याला लागलं.

वऱ्हाड पलीकडच्या काठावर शाळेत उतरलेलं. ते उपाशी राहिलं असतं तर पुतणीला जन्मभर ऐकावं लागलं असतं. मी ओरडले, “आधी बुंदी उचला! माणसं आपापली चालतील!”

बुंदी निघाली, भात निघाला, पुऱ्या ओच्यांत भरल्या. वरणाची डेग मात्र आचाऱ्याच्या हातून सुटली. अर्धीच भरलेली, तोंडाला फडकं घट्ट बांधलेली. गिरक्या घेत चालली. जाऊबाई आधी हसल्या, मग मी. तीन उन्हाळे टँकरवर काढलेल्या बायका ओल्या लुगड्यांनी काठावर फुगड्या घालायला लागल्या.

डेग थेट पलीकडे लागली. नवरदेवाच्या मामांनी ती ओढून घेतली, फडकं सोडून बोट बुडवलं.

“विहीणबाई, वरण पोचलं! पण मीठ लय कमी हाय!”

“मीठ इकडं राह्यलंय. या पोहत!”

“मंग भात तरी सोडा!”

“आधी नवरदेव आणा, मग भात!”

सहाला पाणी पोटरीपर्यंत उतरलं. मामांनी नवरदेवाला खांद्यावर घेतलं, मागून दोघांनी डेग आणली. गोरज मुहूर्त टळला नाही. देवळासमोर पंगत बसली, वऱ्हाड पोटभर जेवलं आणि मामांनी वरण तीनदा मागून घेतलं. बुंदी थोडी भिजली होती. कुणी काही म्हणायच्या आत मीच सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फावडं घेऊन पात्रात उतरले. गावकीचा झारा नि दोन उलथणी वाळूतून उकरून काढली. उकरल्या जागी पाणी साचायला लागलं. झारा बाजूला ठेवला, जाऊबाईंना हंडा आणायला सांगितलं आणि तो काठोकाठ भरून घेतला.