देवाला सांगून झालं होतं

मालवणला बोट लांब समुद्रात उभी राहायची, तिथवर पडावातून जायचं. बाबा कमरेएवढ्या पाण्यात उभे, माझी ट्रंक त्यांच्या डोक्यावर. ती पडावात ठेवताना एवढंच म्हणाले, "डाक्टर होवनच ये रे." पडाव हलला तरी ते पाण्यातच. अजून स्वप्नात येतात ते तसेच, कमरेखाली नुसतं पाणी.

आदल्या दिवशी देवळात गाऱ्हाणं घातलं होतं. गाव सोडलेल्यांनो, आठवतं ना? बाबांकडे हात करून गुरव म्हणाला, "बा देवा म्हाराजा, ह्येचो झील डाक्टर होवन येतलो, गावाक औषद देतलो, त्येका सांबाळ!" आणि अख्खा गाव, "व्हय म्हाराजा!" झालं! माझं इंटर व्हायचं होतं आणि हे देवाला सांगून मोकळे. पण हसू कुणालाच आलं नाही. माझी धाकटी बहीण शेवंती आधीच्याच पावसाळ्यात तापाने गेली होती. खाडीला उधाण, डॉक्टर पलीकडे.

मुंबईत गावच्या मंडळाच्या खोलीत आम्ही पोरं वळकट्यांवर पडून भांडायचो, मेडिकल कठीण की इंजिनिअरिंग? गणितवाले म्हणायचे, तुमचं काय, घोका आणि ओका. बेडूक फाडणारे म्हणायचे, अरे, जागा किती, त्यावर टपलेले किती! मी दोन्ही विषय घेतले होते, म्हणून सांगतो. गणित डोकं खातं, पण इंजिनिअरिंगच्या दारात निदान उभं राहायला जागा होती. मेडिकलच्या दारात माझ्यापेक्षा हुशार पोरं रडत परत फिरताना मी पाहिली. त्यांच्यात मीही होतो. इंजिनिअरिंगला मात्र सहज घेतलं.

खरं कठीण पुढेच होतं. मे महिन्यात घरी गेलो तर अंगणात माणसं बसलेली. कुणाचा खोकला, कुणाचं पोट. आईला मी बाजूला नेऊन सांगितलं, "अगो, मी पूल बांधूक शिकतंय." ती घाबरून म्हणाली, "गप रव! देवाक सांगान झाला हा." देवाला दिलेला शब्द आमच्याकडे परत घेत नाहीत. मग गावानेही विचारलं नाही आणि दरवर्षी माणसं येऊन बसत राहिली. मी त्यांना कणकवलीच्या डॉक्टरकडे धाडायचो, ती मान डोलवायची आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा अंगणात. मला त्या अंगणाची भीती वाटायला लागली.

नोकरी लागली त्या वर्षी बाबांनी अंथरूण धरलं. मी पोचलो तेव्हा गाव ओटीवर जमला होता. बाबांनी सगळ्यांदेखत हात पुढे केला. त्यांनी मला खाली ओढलं आणि कानात म्हणाले, "तुका नाडी कळणा नाय, माका ठावक आसा. तरी धर. देव बघता हा."

मी धरली. पुलाचा भार मोजणाऱ्या बोटांखाली ती तुटत तुटत चालली होती. गुरवाने विचारलं, "बरो आसा मां?" मी म्हटलं, "बरो आसा." ओटीवरून सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" बाबा हसले. पहाटे गेले.

आता बडोद्याच्या फ्लॅटमध्ये मुलं विचारतात, तुमचं घर कुठे? काय सांगू? घर म्हणजे ते अंगण. तिथे अजून माणसं बसली आहेत, शेवंती सगळ्यांत पुढे, आणि मला यायला उशीर झालाय.