सातशे दहा किलोंचा ओव्हरलोड

"साहेब, माझा काटा एवढा निघायचाच न्हाई," ट्रकचा ड्रायव्हर तिसऱ्यांदा म्हणाला आणि मी तिसऱ्यांदा दंडाच्या मेमोच्या पुस्तकातला कार्बन सरळ केला.

ड्रायव्हरचं नाव हणमंत. लोणंदहून कांदा भरून एपीएमसी मार्केटला निघालेला. मी असिस्टंट मोटार वाहन निरीक्षक, म्हणजे लोकांच्या भाषेत आरटीओवाला. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं, माझ्या नोकरीला आठ महिने झाले होते आणि प्रोबेशन संपायला बराच अवकाश होता. काम सोपं. तुर्भ्याच्या रस्त्यावर सकाळी ट्रक थांबवायचा, जवळच्या एका खासगी वजनकाट्यावर चढवायचा आणि आकडा बघायचा. काटा म्हणजे जमिनीलगत बसवलेली लोखंडी प्लेट. ट्रक तिच्यावर उभा राहतो, वजन शेजारच्या केबिनमध्ये दिसतं. प्रत्येक गाडीला मालासकट किती वजन चालेल ते आरसी बुकात लिहिलेलं असतं, त्याला सगळे 'पासिंग' म्हणतात. हणमंतच्या गाडीचं पासिंग सोळा टन दोनशे किलो. काट्यावर आलं होतं सोळा टन आठशे साठ.

त्यानं लोणंदच्या काट्याची चिठ्ठी पुढे केली. तिच्यावर सोळा टन एकशे नव्वद. मी ती न वाचल्यासारखी वाचली आणि खिशात टाकली. "असल्या चिठ्ठ्या आम्ही रोज बघतो," म्हणालो. खोटं नव्हतं. बाहेरगावच्या काट्यांच्या चिठ्ठ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. मी ते जरा जास्तच मनावर घेतलं होतं.

कायदा नुकताच कडक झाला होता. ओव्हरलोडला सरसकट दोन हजार, वर दर जादा टनाला एक हजार. अर्ध्या टनाच्या वर गेलं की आमच्याकडे पुरा टन धरत. म्हणजे तीन हजार. शिवाय जादा माल जागेवर उतरवायचा, हमालीसकट. हणमंतचा महिन्याचा पगार दोन हजार होता. हे त्यानं सांगितलं तेव्हा मी मेमोवर तारीख घालत होतो.

"दंड भरतो साहेब, हप्त्यानं भरतो. लायसन तेवढं ठिवून घिऊ नका," तो म्हणाला. हात जोडले नव्हते, पण आवाज खाली आला होता. त्याच्यावर आधीचा एक मेमो होता. दुसऱ्याला लायसन निलंबनासाठी पाठवायचं, असा आमचा शिरस्ता. तीन महिने गाडी चालवता येणार नाही. मी लायसन घेतलं. त्यानं समोरच्या एसटीडी बूथवरून मालकाला फोन लावला आणि परत येऊन सांगितलं की पैसे पगारातून कापणार, आणि लायसन अडकलं तर ट्रक मार्केटात लावून चावी दुसऱ्याकडे द्यायची. मग तो ट्रकच्या सावलीत उकिडवा बसला. माझ्याकडे बघतही नव्हता. शिव्या देणारा ड्रायव्हर परवडतो. न बोलणाऱ्याची मला भीती वाटते.

चौदा गोण्या उतरवल्या, पन्नास किलोच्या. सातशे किलो. ट्रक परत काट्यावर चढला आणि केबिनच्या खिडकीतून काटेवाल्या म्हात्र्यानं मला बोटानं बोलावलं. म्हात्रे जवळच्याच गावातला, कमी बोलणारा.

"सायब, गोनी किती उतरवल्या?"

"चौदा."

"मंग वजन दुपटीनं कसा कमी झाला?"

आकडा होता पंधरा टन चारशे पन्नास. आधीच्यापेक्षा चौदाशे दहा किलो कमी. उतरवले सातशे. मधले सातशे दहा किलो कुठे गेले? पहिल्यांदा अर्थातच मला हणमंतचा संशय आला. मी ट्रकखाली वाकून बघितलं, पाण्याचं पिंप बघितलं, गोण्या पुन्हा मोजल्या. चौदाच. म्हात्रे म्हणाला, काटा सकाळीच तपासलाय, पाहिजे तर अजून एक गाडी चढवा.

गाडी म्हटल्यावर माझी नजर ऑफिसच्या जीपवर गेली.

आता हे नीट सांगायला हवं. आदल्या आठवड्यात माझ्या हातून एक ट्रक पळाला होता. मी केबिनमध्ये आकडा लिहून घेईपर्यंत पठ्ठ्यानं रिव्हर्स मारला आणि गेला. त्यावर आमच्या साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, "पळाला, की सोडलात?" तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नव्हता. म्हणून त्या दिवशी हणमंतचा ट्रक काट्यावर चढताच मी ऑफिसची जीप त्याच्या मागे नेऊन चिकटवली. बंपरला बंपर. जीपचा ड्रायव्हर रजेवर होता, त्यामुळे ही कामगिरी माझी स्वतःची. काट्यापुढे भिंत, मागे जीप; ट्रक पळू शकत नव्हता. आणि जीपची पुढची चाकं प्लेटवर होती. ट्रकवरच्या गोण्यांच्या थप्पीमागे ती म्हात्र्याला दिसत नव्हती, आणि मला दिसत असून दिसली नव्हती. माल उतरवायला ट्रक खाली घेताना मी जीप बाजूला काढली, ती दुसऱ्या वजनाच्या वेळी तिथेच राहिली.

मी हणमंतला ट्रक मागे घ्यायला लावला. जीप आणून पुढची चाकं प्लेटवर चढवली आणि उतरलो. म्हात्र्यानं आकडा मोठ्यानं वाचला नाही, नुसता कागदावर लिहून दिला. सातशे दहा.

ते वजा केल्यावर सकाळचं वजन होतं सोळा टन दीडशे. पासिंगच्या आत. लोणंदच्या चिठ्ठीपेक्षा चाळीस किलो कमी, म्हणजे वाटेत जळलेलं डिझेल. चिठ्ठी माझ्या खिशात होती आणि ती अक्षरशः खरी होती.

 मेमोचं पुस्तक नंबरी असतं. पान फाडता येत नाही, तीन प्रती निघतात. प्रोबेशनवरचा माणूस, ऑफिसची जीप, चुकीचा मेमो. घरी परत जाऊन काय सांगायचं, इथपर्यंत मी पोचलो. गप्प बसावं, हाही विचार आला. हणमंतला काय कळणार होतं? तो पुन्हा चाकाजवळ जाऊन बसला होता. म्हात्र्याला मात्र कळलं होतं. तो माझ्याकडे बघत चहा पीत होता.

मी ऑफिस गाठलं. वाटेत खुलासा मनात तयार केला आणि बाहेरच्या बाकावर बसून लिहून काढला: 'काट्यातील तांत्रिक बिघाडामुळे वजनात तफावत आली.' साहेबांसमोर कागद ठेवला. त्यांनी वाचला आणि काय झालं ते तोंडी सांगायला लावलं. 

"तुम्ही लायसनच्या टेस्ट घेता ना?" त्यांनी विचारलं.

"घेतो, सर."

"गाडी नीट लावता आली नाही, तर नापास करता?"

"करतो, सर."

"हं. आणि हा बिघाड लिहिलात तर उद्या काटा बंद होईल. सकाळी ड्रायव्हरचं पोट मारलंत, आता काटेवाल्याचं. दुपारी कोणाचा नंबर आहे?"

मी खरं लिहिलं. 'माझ्या जीपची पुढची चाकं' हे शब्द सरकारी कागदावर लिहायला फार वेळ लागतो. साहेबांनी मेमो रद्द केला, कागद माझ्या फाइलला लावला आणि मालकाला फोन करायला सांगितलं. मालकानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"हणमंतानं किती दिलं तुमाला?" तो म्हणाला.

म्हणजे मेमो फाडला तेव्हा आम्हाला खरं मानणारा माणूस, तो रद्द केल्यावर आम्हाला चोर समजत होता. आणि नोकरी जाणार होती ती हणमंतचीच. शेवटी साहेबांनी मालकाला दाखवण्यासाठी त्या कागदाची नक्कल सही-शिक्क्यानिशी करून दिली. मी ती घेऊन काट्यावर गेलो. हमालांना दोन्ही वेळची मजुरी मी दिली. गोण्या परत चढल्या. हणमंतनं लायसन घेतलं, कागद घेतला, वाचायला जमेना म्हणून म्हात्र्याला दिला. म्हात्र्यानं त्याला तो सावकाश, चाकांसकट वाचून दाखवला. हणमंत हसला नाही. "गाडी काढू का?" एवढंच विचारून गेला. त्याची नोकरी टिकली, हे मला नंतर म्हात्र्याकडून कळलं. माझी टिकली, पण प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढलं.

ओव्हरलोडला दंड जबर हवा, असं मला आजही वाटतं. घाटात ब्रेक न लागलेले ट्रक मी बघितले आहेत, त्यांच्यापुढे आलेल्या गाड्याही बघितल्या आहेत. पण माल भरतो व्यापारी, भाडं घेतो मालक, आणि दंड सापडतो त्याला. सापडतो तो स्टिअरिंगवरचा. तीन हजार मालकाला एका फेरीचा खर्च, ड्रायव्हरला दीड महिना.

वर्षभरानं हणमंत पुन्हा माझ्या हाती लागला. जीप पार रस्त्यापलीकडे होती. काटा खरोखरच नऊशे किलो जास्त निघाला. मालकानं भरायला लावलं, हणमंत म्हणाला, नाही म्हटलं तर दुसरा ड्रायव्हर तयार. मी फॉर्म नीट वाचला आणि मेमो मालकाच्या नावानं केला. कायद्यात गाडी चालवणाऱ्याबरोबर चालवायला लावणाराही दोषी धरलेला आहे.

या वेळीही हणमंतनं मेमो म्हात्र्याकडून वाचून घेतला. मग माझ्याकडे आला.

"साहेब, असं लिवता येतंय व्हय? मग आजवर का न्हाई लिवलं?"

मी हातातल्या फॉर्मकडे बघितलं. मालकाच्या नावाचा रकाना त्या फॉर्मवर पहिल्या दिवसापासून छापलेला होता.