पपईच्या बियांची झडती

माझ्या नणंदेचा विश्वास कशावरच नाही. घरी आल्या की आधी दुधाचं पातेलं हुंगतात, मग ओट्यावरचं फडकं चिमटीत धरून विचारतात, "वहिनी, हे कधी उकळलंत?" उभी हयात औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत, डोळ्यांच्या औषधात जंतू शोधण्यात गेली. लग्न केलं नाही; आलेल्या स्थळांतही काहीतरी सापडलंच असणार.

आमच्या ह्यांना मधुमेह. पायाच्या अंगठ्याला जखम झाली, तर डॉक्टर सोडून पपईच्या बियांचं पाणी लावत बसले. अंगठा काळवंडायला लागला, तेव्हा मी वन्संना बोलावलं.

"बियांच्या अर्काने जंतू मरतात. छापून आलंय," हे म्हणाले.

"अर्क कशात काढलेला, दादा?"

"मी पाण्यात काढतो."

"तू नाही, त्यांनी."

ह्यांनी कात्रण चाळलं. "स्पिरिटमध्ये."

"मग नुसत्या स्पिरिटनेही मरतील. ते तपासलं का त्यांनी, की बियांनाच हार घातला?"

"तू त्या डॉक्टरला सामील आहेस."

वन्सं चिडल्या नाहीत. ह्यांना आपल्या जुन्या प्रयोगशाळेत नेलं, जखमेतले जंतू बशीतल्या जेलीवर पसरले आणि कागदाच्या भिजवलेल्या टिकल्या ह्यांच्याच हाती दिल्या: एक ह्यांच्या बियांच्या पाण्याची, एक स्पिरिटमधल्या अर्काची, एक कोऱ्या स्पिरिटची. कुठली कुठे ते ह्यांनी बशीच्या बुडाला लिहून त्या लिहिण्यावर कागद चिकटवला, कागदावर सही ठोकली.

"तुझा काय भरवसा."

"माझा मलाही नाही," वन्सं म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कागदाला हात न लावता बशी वरून पाहिली. दोन टिकल्यांभोवती स्वच्छ वर्तुळं, एक मोठं, एक लहान. तिसरीला जंतू खेटून बसलेले. कुठली कुठे ते ह्यांनाही आता आठवत नव्हतं, पण दोनांत आपली असणारच म्हणून हे खूश. मग स्वतःच कागद सोडवला. मोठं वर्तुळ अर्काचं, लहान नुसत्या स्पिरिटचं. तिसरी टिकली ह्यांच्या पाण्याची.

ह्यांनी आपलीच सही उजेडात धरून दोनदा न्याहाळली.

"बियांत आहे थोडंफार," वन्सं म्हणाल्या, "पण तुझ्या पाण्यात उतरत नाही."

"डॉक्टर किती वाजेपर्यंत असतो?" ह्यांनी विचारलं.

डॉक्टरने झापलं. नख गेलं, अंगठा राहिला. मलम हातात पडल्यावर हे म्हणाले, "हे ज्यात कालवलंय, ते नुसतंच लावून पाहिलंय का कुणी?"

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागला. वन्सं मात्र भावाकडे असं बघत होत्या, जणू आज पहिल्यांदाच नातं पटलं.