समुद्रात टाकायचा पहिला पत्ता

आमच्या वरच्या मजल्यावर चाचे राहतात असं मी पाहुण्यांना सांगतो, तेव्हा ते आधी हसतात आणि मग हळूच छताकडे बघतात. चाचे म्हणजे नवरा-बायको. बायको माझी जुनी विद्यार्थिनी. शाळेत तिच्या खिशात कायम काहीतरी कोंबलेलं असे, खडूचे तुकडे, बिया, तुटकी बटणं, म्हणून मुलींनी तिचं नाव खारूताई ठेवलं आणि ते लग्नानंतरही टिकलं. नवरा कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम लिहितो. दोघं मिळून एक गेम तयार करतात. समुद्री चाच्यांचा, पण पत्त्यांनी खेळायचा. नियम आणि आकडे तिचे, बाकी सगळं त्याचं.

पत्त्यांवरचा मजकूर तपासायला ती मला वर बोलावते. "सर, चूक राहिली तर ती लोकांना रोज दिसेल," म्हणाली. त्यामुळे खेळ मला थोडाफार कळतो. सुरुवातीला खेळणाऱ्याला एक मोडकं गलबत आणि पत्त्यांची लहानशी गड्डी मिळते. त्यात सगळे लिंबूटिंबू पत्ते: गंजका सुरा, भित्रा खलाशी, फाटकं शीड. बंदरं लुटली, लढाया मारल्या, की चांगले पत्ते मिळतात, ते गड्डीत घालायचे. गड्डी पुन्हा पुन्हा पिसली जाते आणि वरचे थोडेच पत्ते हातात येतात. नवखा माणूस नुसते पत्ते जमवत सुटतो. मुरलेला खेळाडू मात्र आधी वाईट पत्ते काढून टाकतो, कारण गड्डी जितकी बारीक, तितके चांगले पत्ते पटापट हाती लागतात. काढायचं म्हणजे पत्ता उचलून गलबताच्या कडेबाहेर सोडायचा. डुबुक असा आवाज येतो आणि तो पत्ता कायमचा गेला.

खारूताईची आई गेल्यावर तिचे वडील त्यांच्याकडे राहायला आले. जन्मभर त्यांनी फेरीबोटीवर तिकिटं तपासली. माणूस काटकुळा, पण आवाज असा, की "पुढे सरका" म्हटल्यावर बोटीतली माणसंच काय, बोटही सरकेल. घर लहान. आतली खोली नवरा-बायकोची, बाहेरच्या खोलीत कामाची दोन टेबलं आणि त्यांच्यामध्ये बाबांचा लोखंडी पलंग. पुढे चिंचोळा सज्जा, त्यात कपडे वाळत. सकाळी बाबा अंथरूण गुंडाळत आणि त्याच पलंगावर बसून दिवसभर जावयाच्या पाठीकडे बघत.

"जावईबापू, तुमचं काम दिसत नाही हो," ते म्हणत. "भाजी चिरली तर भाजी दिसते. तुम्ही काय चिरता?"

"डोकं, बाबा."

"कुणाचं?"

असं चालायचं. माणूस कंटाळलेला होता, पण कुरकुऱ्या नव्हता.

गेममध्ये प्रत्येक पत्त्याला आवाज हवा होता. म्हाताऱ्या तांडेलाचा, म्हणजे गलबत हाकणाऱ्या नाखव्याचा, आवाज बाबांनी द्यावा हे खारूताईच्या मनात आलं. बाहेरचा गोंगाट नको म्हणून कपड्यांच्या कपाटात बाबांना उभं केलं, भोवती रजया लावल्या, तोंडासमोर माईक टांगला. मी बाहेर कागद घेऊन उभा होतो. तांडेलाला दोनच वाक्यं होती. पत्ता खेळला की म्हणायचं, "घाई करू नका, पोरांनो, वारा बघा." आणि समुद्रात टाकला की म्हणायचं, "जातो बरं, गलबत सांभाळा."

"बाबा, जातो नका म्हणू," जावई म्हणाला. "येतो म्हणा. बरं दिसत नाही."

"अहो, चाच्यांनी समुद्रात फेकलेला माणूस येतो कुठला? मासे सोडतील का त्याला?" रजईतून आवाज आला. "जातोच म्हणणार."

आम्ही इतके हसलो की ते पहिलं बोलणं वाया गेलं. दुसऱ्या खेपेला त्यांनी ते वाक्य अशा काही आवाजात म्हटलं, की खारूताईने कपाटाचं दार उघडून त्यांच्या गालाला हात लावला. कपाटातून ते बाहेर आले ते घामेजलेले आणि दहा वर्षांनी लहान झालेले. त्या दिवसापासून ते "आमचा गेम" म्हणू लागले. दूधवाल्याला, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला, सगळ्यांना सांगून झालं.

तिने तो पत्ता सुरुवातीच्या गड्डीत घातला होता. मी विचारलं, इतक्या साध्या पत्त्यांत का? ती म्हणाली, "सर, चांगले पत्ते कुणाला मिळतात, कुणाला नाही. सुरुवातीचे पत्ते मात्र प्रत्येकाच्या हातात येतात. जगात कुणीही गेम उघडला, की पहिल्याच डावात बाबा बोलणार." सुरुवातीचे पत्ते फेकण्यासाठीच असतात, हे तिला माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं ठाऊक होतं. तो नियम तिचाच. पण त्या पत्त्यापुरतं ती नियम करणारी राहिली नव्हती, लेक झाली होती.

मग चाचणीचे दिवस आले. अनोळखी चार-पाच जणांना घरी बोलवायचं, त्यांच्यासमोर गेम ठेवायचा आणि मागे उभं राहून बघायचं. यात एक कडक शिस्त असते. बघणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. खेळणारा अडला, चुकला, चिडला तरी मदत करायची नाही. जागा व्हावी म्हणून सकाळी जावयाने बाबांचा पलंग उचलून भिंतीला उभा केला. बाबांनी धुतलेला शर्ट घातला, सगळ्यांना पाणी दिलं आणि दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. शिस्त त्यांना समजावली होती. "मी बोललो तर मलाच समुद्रात टाका," असं ते म्हणालेही होते.

पहिला डाव सुरू झाला. "घाई करू नका, पोरांनो, वारा बघा," स्क्रीनमधून बाबा म्हणाले. खेळणारी एक मुलगी हसली. बाबांनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

मग चष्मेवाला एक तरुण शेजाऱ्याला म्हणाला, "हा म्हातारा आधी काढ. नुसती जागा अडवतो."

डुबुक. "जातो बरं, गलबत सांभाळा."

त्याचं बघून दुसऱ्याने काढला. तिसऱ्यानेही तेच केलं. नवा डाव, पुन्हा म्हातारा, पुन्हा डुबुक. सगळे हुशार होते, सगळे बरोबर खेळत होते. खोलीभर बाबांचा आवाज एकामागून एक निरोप घेत होता, आणि बाबा स्वतः चौकटीला टेकून, शिस्तीप्रमाणे, गप्प. खारूताई माझ्या शेजारी उभी होती. तिने माझं मनगट धरलं होतं आणि तिची नखं मला लागत होती. तीही बोलू शकत नव्हती.

"भारी आहे हां तुमचा गेम," जाताना चष्मेवाला म्हणाला. बाबांनीच त्याला चपला शोधून दिल्या.

त्यानंतर बाबा दिवसा पलंगावर बसेनासे झाले. जिन्यात बसत, माझ्याकडे येऊन बसत, खालच्या बाकावर बसत. माझ्याकडे आले की पेपर हातात धरून, न वाचता नुसते बघत बसत. एकदा म्हणाले, "मास्तर, थोरल्या लेकाचा फोन होता. त्याच्याकडे एक खोली रिकामी झालीय. दार आहे म्हणाला खोलीला." मी म्हटलं, "इथे काय कमी आहे?" ते म्हणाले, "इथे काही कमी नाही. जास्तच आहे."

खारूताईला थोरल्याचा फोन कळला आणि तिने तिला जे येतं ते केलं. नियम बदलला. म्हातारा तांडेल समुद्रात टाकताच येणार नाही. पत्ता कडेबाहेर नेला तरी परत गड्डीत.

नवरा भडकला. "अगं, डोकं फिरलंय का? सगळा गेम गड्डी बारीक करण्यावर उभाय. एक पत्ता चिकटून बसला की सगळे आकडे बोंबलले."

"एका पत्त्याने काही होत नाही."

"हे तू सांगतेस? तू?"

"हो, मी! माझे वडील आहेत ते."

"आणि मी काय त्यांना फेकून देतोय? मला त्यांच्यावर बोलायचंच नाहीये. मी पत्त्यावर बोलतोय!"

बाबा जिन्यात होते. जिन्यात सगळं ऐकू येतं.

पुढच्या चाचणीला पलंग पुन्हा भिंतीला उभा राहिला. या वेळी बाबा खोलीत आले नाहीत, स्वयंपाकघरात भांडी पुसत बसले. खेळणाऱ्यांनी म्हाताऱ्याला उचललं, कडेबाहेर नेलं, तो परत आला. पुन्हा नेलं, पुन्हा आला. आधी हशा झाला. मग वैताग. "अरे, काय चिकट म्हातारा आहे!" कुणीतरी ओरडलं. "याला कुणीतरी घेऊन जा रे!" दुसऱ्याने साथ दिली. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

सगळे गेल्यावर खारूताई आत गेली. मी निघणार होतो, पण बाबाच म्हणाले, "थांबा, मास्तर, साक्षीला." त्यांच्या हातात अजून फडकं होतं.

"तो पत्ता होता तसा कर," ते म्हणाले. "पोरं नीट खेळत होती. तिकीट नसलेल्याला मी बोटीतून उतरवायचो, ते काय त्याच्यावर राग होता म्हणून?"

"बाबा, तुम्हाला वाईट वाटलं ना?"

"वाटलं."

"मग बोलायचं ना!"

"बोलायचं नाही अशी शिस्त होती."

ती रडायला लागली. बाबा फडकं घडी करत राहिले. मग म्हणाले, "पत्त्याचं जाऊ दे. तो खेळ आहे. मला पलंग उचलतात ते बघवत नाही. गेलेल्या माणसाचा उचलावा तसा उचलता. मी दारात उभा, आणि माझा पलंग भिंतीला उभा केलेला. मला कळतच नाही, मी त्या वेळी कुठे असायचं."

यावर ती काही बोलू शकली असती. जाऊ नका, एवढं म्हणाली असती तरी चाललं असतं. पण ती म्हणाली, "जागाच तेवढी आहे, बाबा." खरं होतं म्हणून म्हणाली. बाबांनी मान हलवली, जणू याच उत्तरासाठी थांबले होते.

रविवारी थोरला गाडी घेऊन आला. भला माणूस आहे, जिने चढून धापा टाकत होता. बहिणीच्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, "काय गं चाचे, बाबांना पळवतोय हां." तिला हसू आलं नाही. बाबांनी बॅग कुणाला उचलू दिली नाही. जावई वाकून नमस्कार करायला गेला, तर त्याला मध्येच उभा करून म्हणाले, "पाठ दुखते तुमची, माहितीय मला. इतके दिवस तीच बघतोय." आणि गेले.

पत्ता तिने पूर्वीसारखा केला. गेम ठीक चालला आहे. बाबांचा फोन येतो, पण लवकर संपतो. जेवलीस का, जेवले, जावईबापू बरे आहेत ना, बरे आहेत. तिकडे त्यांची खोली चांगली आहे, दार आहे, खिडकी आहे. सून दिवसभर कामावर, थोरला दिवसभर कामावर. खिडकीतून भिंत दिसते असं ते एकदा म्हणाले आणि लगेच म्हणाले, भिंत स्वच्छ आहे.

परवा वर गेलो तर खारूताई कामाला बसलेली नव्हती. पलंग होता तिथेच होता, त्यावर पेट्या रचलेल्या. मी सरळ विचारलं, "तू त्यांना आणायला का जात नाहीस?"

"आणून ठेवू कुठे, सर?"

ती सबब सांगत नव्हती. तिला खरंच उत्तर हवं होतं. मी म्हटलं, चाचण्या माझ्या खोलीत घ्या, मला कुठे पंगत बसवायचीय? ती म्हणाली, "चाचण्या होतील हो. पण रोजचं काय? रोज त्यांनी आमच्या पाठी बघायच्या?"

मग तिने टेप आणली आणि आम्ही सज्जा मोजला. तिने एक टोक धरलं, मी दुसरं. कपडे वाळतात ती दोरी काढली, जुनी कुंडी सरकवली. काच लावली तर पाऊस आत येणार नाही, असं तिचं म्हणणं. लांबी मोजली. पलंग वीतभर मोठा निघाला. तिने पुन्हा मोजलं. वीतभर मोठाच.

ती उंबऱ्यावर बसली. "लोखंडी पलंग कापता येतो का हो?"

"पलंग कशाला कापता?" आतून नवऱ्याचा आवाज आला. त्याने हेडफोन कधी काढले होते कुणास ठाऊक. "माझं टेबल टाका सज्जात. मावतं. बाबा खोलीत, मी बाहेर. मधे पडदा लावा, म्हणजे त्यांना माझी पाठ नको बघायला."

"उन्हाळ्यात भाजून निघशील."

"मग निघेन. तू फोन लाव."

तिने तिथेच उंबऱ्यावर बसून फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं, पडदा, टेबल, काच, वीतभर पलंग, आणि शेवटी तेही, जे तिने त्या दिवशी स्वयंपाकघरात म्हटलं नव्हतं.  बाबांचा तो बोट सरकवणारा आवाज इतका हळू झाला होता, की तिला फोन कानाला दाबून धरावा लागला.

"काय म्हणाले?" नवऱ्याने विचारलं.

"विचार करून सांगतो म्हणाले."

तो उठला आणि टेबलावरच्या तारा काढायला लागला.