कोर्टासाठी राखून ठेवलेली गोष्ट

कोर्टाच्या रहस्यकथा मी इंग्रजीतच वाचल्या. शाळा इंग्रजी माध्यमाची होती, आणि बोलण्यापेक्षा वाचणं मला नेहमीच सोपं गेलं. वर्गात उत्तर येत असलं तरी मी हात वर करत नसे. त्या पुस्तकांत मात्र सगळ्यात गप्प बसलेल्या साक्षीदाराकडेच अखेर सगळं कोर्ट वळायचं. वकील एक नेमका प्रश्न विचारायचा आणि इतके दिवस दडलेली गोष्ट बाहेर यायची. बहुतेक तेवढ्यासाठीच मी ती वाचायचे.

भंडाऱ्याजवळ शहापूरला आमच्या भिंतीला लागून काकाजी राहायचे. नात्यातले नव्हते, शेजारचे. भंडाऱ्याच्या कोर्टात बेलिफ होते. समन्स वाटण्यात सगळी नोकरी सरली. निवृत्त झाल्यावर ते माझी पुस्तकं न्यायचे, मांडीवर डिक्शनरी घेऊन एकेक महिनाभर वाचायचे आणि परत देताना हसायचे.

"का वो, तुह्या ह्या वकिलानं शेवटच्या दिवशी नवीनच गोष्ट काढली. आमच्या जजसाहेबानं त्याले तिथंच खाली बसवलं असतं."

"मग वाचता काहून, काकाजी?"

"इथं अखेर माणूस खरं बोलते ना. मी इतकी वर्षं कोर्टाच्या दारात उभा राहिलो, मले एकही नाही भेटला."

काकू आतून म्हणायच्या, "अन् घरी? दोन भजे खाल्ले म्हणते, ताटलीत चार कमी हायेत!"

दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी मी नागपूरहून आले आणि हायवेच्या स्टॉपवर उतरले. काकाजी सायकलवर समोरून येताना दिसले. रस्त्याच्या कडेला, पांढऱ्या पट्टीच्या आत, मुरुमावरून. मागून रेतीचा टिप्पर आला. पुढच्या ट्रकला डावीकडून मागे टाकायला तो पट्टी ओलांडून मुरुमावर उतरला. हे मी पाहिलं. बाकीचे लोक आवाज ऐकून आले, आणि काकाजींना गाडीत घालायच्या आधीच कुणीतरी म्हणालं, "म्हातारा मधात आला."

काकाजी दवाखान्यात पोचलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात माझा जबाब घेतला. मी हळू बोलत होते, जमादार भराभर लिहीत होते. मग त्यांनी वाचून दाखवला. 'सदर इसम', 'भरधाव वेगाने', 'घटनास्थळी' असे शब्द एकामागून एक गेले. अर्धे मला नीट कळले नाहीत आणि विचारायची लाज वाटली. पण एक कळलं. पांढऱ्या पट्टीचं मी सांगितलं होतं, ते त्यात आलंच नव्हतं. काकाजी कुठून चालले होते, हेच नव्हतं.

"बरोबर आहे?" जमादारांनी विचारलं.

मी मान डोलावली. मनात म्हटलं, राहू दे, कोर्टात सांगू. खरी गोष्ट कोर्टातच निघते, हे मी इतक्या पुस्तकांत वाचलं होतं.

दोन वर्षांनी साक्षीची तारीख लागली. सकाळी काकू आमच्या दारात तयार होऊन उभ्या होत्या. "त्यायची चूक नव्हती, एवढं कागदावर आलं पाह्यजे," त्या म्हणाल्या. "कोर्टाचा माणूस होता तो. लोकं अजून म्हणते, मधात आला."

मी सगळं सांगितलं. आवाज फुटला, मलाच नवल वाटलं. जजसाहेबांनी टायपिस्टला सांगून लिहूनही घेतलं. मग टिप्परवाल्याचे वकील उठले. ते ओरडले नाहीत, अगदी नम्र होते.

"ही पट्टीची गोष्ट पोलिसांना सांगितली होती?"

"हो."

"जबाबात नाही. जबाब वाचून दाखवला होता?"

"हो."

"तेव्हा म्हणालात का, की हे राहिलं?"

"नाही."

मी पुढच्या प्रश्नाची वाट पाहत राहिले. का नाही म्हणालात? पुस्तकात तो विचारला असता आणि मी सांगितलं असतं. ते म्हणाले, "मला एवढंच विचारायचं होतं," आणि बसले. आमच्या सरकारी वकिलांनीही तो विचारला नाही.

टिप्परवाला संशयाचा फायदा मिळून सुटला. पट्टीची गोष्ट मी पहिल्यांदा कोर्टात सांगितली, म्हणून तिच्यावर विश्वास ठेवता येत नाही, असं निकालात आहे. तो मी शब्दकोश घेऊन पूर्ण वाचला.

त्या संध्याकाळी मी काकूंना खरं सांगितलं, की जबाबात नाही हे मला तेव्हाच कळलं होतं, आणि मी ते कोर्टासाठी ठेवलं होतं. त्यांनी निवडायच्या तांदळाचं ताट बाजूला ठेवलं.

"त्यायनं सांगतलं होतं ना तुले? कोर्टात असं मागून काढलेलं चालत नाही म्हणून?"

"हाव, काकू."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता त्यांच्याकडे कुणी पाहुणे आले की भिंतीवरून हाक येते, "ये वो, सांग यायले." मी जाते. ओसरीत उभी राहून सांगते: पांढरी पट्टी, मुरूम, डावीकडून आलेला टिप्पर. काकू माझ्याकडे बघत नाहीत, पाहुण्यांच्या तोंडाकडे बघतात. मागच्या आठवड्यात करडीहून त्यांच्या चुलत नणंद आल्या होत्या. ऐकून म्हणाल्या, "मंग कोर्टात काहून नाही सांगतलं पोरीनं?"

मी तोंड उघडायच्या आधी काकू म्हणाल्या, "सांगतलं. उशिरा सांगतलं." आणि चहा ठेवायला आत गेल्या.