दाराजवळची खुर्ची

पत्र हातात आल्यावर तो पत्ता वाचतच नाही, असं बघणाऱ्याला वाटे. डाव्या हातात गठ्ठा, उजव्या अंगठ्याने वरचं पत्र पुढे सरकवायचं, आणि नजर पत्त्याच्या शेवटच्या ओळीवर पडते न पडते तोच पत्र खणात जाऊन पडलेलं असे. समोर लाकडी मांडणी. बारा रांगा, दर रांगेत बारा खण, प्रत्येक खण शहराच्या एकेका तुकड्याचा. सकाळी सहा ते दुपारी दोन, गेली पस्तीस वर्षं. टपाल कचेरीत त्याला सगळे नकाशा म्हणत. नवा साहेब आला की कुणीतरी त्याला नकाशापुढे आणून उभं करी आणि म्हणे, "विचारा साहेब, कुठलीही गल्ली विचारा."

त्या कचेरीत एक रीत होती. नव्या सॉर्टरच्या मांडणीत प्रत्येक खणाखाली नाव लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली असे. काम हातात बसलं की एक दिवस तो स्वतःच त्या चिठ्ठ्या पाणी लावून खरवडून काढी. यासाठी कुणाचा हुकूम निघत नसे, की कुणी पाठ थोपटत नसे. पण कोरी मांडणी म्हणजे पक्का माणूस, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. नकाशाने आपल्या चिठ्ठ्या नवव्या महिन्यात काढल्या होत्या. बारा वर्षांपूर्वी शहर वाढलं, खणांची वाटणी बदलली, तेव्हा जुन्याजाणत्यांनीही निमूटपणे पुन्हा चिठ्ठ्या लावल्या. त्याने लावल्या नाहीत. आठवडाभरात नवी वाटणी हातात बसवली.

आता निवृत्तीला आठ महिने राहिले होते.

झोप त्याला चार तास पुरे, असं तो सांगे, आणि सांगताना त्याच्या आवाजात किंचित मिजास असे. सकाळी नुसता चहा घेऊन निघायचा. पोटात पहिला घास जायचा तो साडेअकराला, तोही उभ्याउभ्या. स्टॉप दारातच होता, त्यामुळे बसने जायचा आणि बसनेच यायचा. त्याच्या डाव्या हाताला शिक्के मारण्याचं यंत्र दिवसभर धाडधाड चाले. त्या बाजूच्या कानाने साथ सोडून बरीच वर्षं झाली होती, पण कानाला यंत्र लावायची गोष्ट निघाली की तो म्हणे, "डावीकडून मला आजवर कुणी शहाणपणाचं बोललेलं नाही." हळूहळू घोळक्यात बोलणंच कमी झालं. घरी आल्यावर बायकोशी चार वाक्यं, ती पण भाजी आणि विजेच्या बिलाबद्दल.

आणि ती खुर्ची.

त्याचे वडील घरं रंगवायचं काम करत. म्हातारपणी त्यांची आठवण सुटत गेली. आधी नावं गेली, मग दिवस गेले, मग रात्र आणि पहाट यांतला फरक गेला. भल्या अंधारात उठून ते कामावर निघत. एकदा दोन गल्ल्या सोडून एका परक्या घराच्या भिंतीवर तळहात फिरवताना सापडले. भिंत कधीकाळी त्यांनीच रंगवलेली होती, आणि ते तिच्यात आपल्या घराचं दार शोधत होते. त्या दिवसानंतर त्याने दाराला वर, हात पुरणार नाही अशी कडी बसवली आणि दाराजवळ खुर्ची टाकली. रोज रात्री एक वाजेपर्यंत त्या खुर्चीत बसायचं, तीन सिगारेटी ओढायच्या, हलक्या आवाजात रेडिओ लावायचा, वडील उठले तर त्यांना परत आणून निजवायचं. अशी सहा वर्षं गेली. वडील गेले त्याला एकोणीस वर्षं झाली. खुर्ची तिथेच राहिली. तोही तिच्यात बसत राहिला. झोप येत नाही म्हणून बसतो, असं तो सांगे. बसतो म्हणून झोप येत नाही, असं बायको म्हणे. पण हा वाद इतका जुना झाला होता की तो आता कुणी घालत नसे.

त्याच्या शेजारच्या मांडणीवर एक बाई काम करत. सगळे त्यांना ताई म्हणत. बावीस वर्षं दोघं कोपराला कोपर लावून उभे होते. त्या शरद ऋतूत ताईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्या दहा दिवस रजेवर गेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी साहेबाने नकाशाला आत बोलावलं.

टेबलावर दोरी बांधलेला गठ्ठा होता. वाटप कचेऱ्यांनी चुकीच्या विभागात आलेली म्हणून परत पाठवलेली पत्रं. एकूण त्रेचाळीस.

"दोन दिवसांची आहेत," साहेब म्हणाला. तो वयाने लहान होता आणि त्याला हे बोलणं जड जात होतं. "तुमच्या मांडणीवरची. काही चूक झाली असेल यंत्राची, थैल्यांची. तुम्ही जरा बघता का?"

नकाशाने गठ्ठा कँटीनच्या कोपऱ्यात नेला आणि दोरी सोडली. एकेक पत्र उलटून बघितलं. त्याला वाटलं होतं, वेडीवाकडी फेक दिसेल, आंधळ्याने दगड मारल्यासारखी. तसं नव्हतं. प्रत्येक पत्र नीट, ठरल्या खणात गेलेलं होतं. फक्त ती वाटणी बारा वर्षांपूर्वीची होती. ज्या खणात पूर्वी गिरणीचा भाग होता त्यात आता इस्पितळाची वसाहत आहे. हाताने गिरणीची पत्रं तिथेच टाकली होती. गोदीचा खण, नदीपलीकडचा खण, सगळे आपापल्या जुन्या जागी. परतीचे शिक्के दुपारच्या थैल्यांचे होते, म्हणजे शेवटच्या दोन तासांतले. त्याचा हात थकला होता आणि थकून आपल्या ओळखीच्या घरी गेला होता.

त्या परक्या भिंतीवर वडिलांचा तळहात कसा फिरत होता, ते त्याला आठवलं. चहा समोर निवत राहिला.

मग दुसरा प्रश्न सुचला. हे नेमकं ताई रजेवर गेल्यावर, दोनच दिवसांत का सुरू व्हावं?

आठवडाभराने ताई कामावर आल्या तेव्हा डोळ्यावर काळा चष्मा होता. त्याने नमस्कार-चमत्कार काही केलं नाही.

"किती दिवस चाललंय हे?"

"काय?"

"ताई, मला बनवू नका. उजव्या बाजूला या आणि सांगा."

त्या वळसा घालून त्याच्या उजव्या हाताला आल्या. "चार महिने. तुम्ही दुपारच्या चहाला गेलात की मी तुमच्या खणांतून हात फिरवायची. चुकलेली काढायची, टाकायची जागेवर. पाच मिनिटांचं काम."

"रोज?"

"रोज कशाला? ज्या दिवशी डोळे लाल करून यायचात त्या दिवशी. म्हणजे, हो, बहुतेक रोजच."

"मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंत, भाऊ? दुसऱ्या दिवशी राजीनामा देऊन घरी बसला असतात. त्या खुर्चीत." खुर्चीबद्दल त्यांना त्याच्या बायकोनेच सांगितलं होतं, केव्हातरी बसस्टॉपवर. "आणि मी काय देवमाणूस नाही. आता माझाच एक डोळा दुरुस्तीला गेला. दोन आंधळे मिळून शहर चालवणार का?"

तो हसला नाही. त्याही हसल्या नाहीत. मग चष्मा सारखा करत त्या म्हणाल्या, "डॉक्टरकडे जा. बायकोला घेऊन जा. एकटे गेलात तर खोटं सांगाल."

डॉक्टर मध्यम वयाची बाई होती. तिने पाच शब्द सांगितले, मग इतर काही विचारलं, रक्तदाब घेतला, आणि पुन्हा ते शब्द विचारले. त्याला तीन आठवले. चौथ्यासाठी तो बराच वेळ थांबला. मग न विचारताच त्याने सतराव्या विभागातल्या गल्ल्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत क्रमाने म्हणून दाखवल्या. डॉक्टरने पेन खाली ठेवून सगळ्या ऐकल्या.

"झोप किती?"

"चार तास पुरतात."

"पुरत नाहीत हो," बायको म्हणाली. "जेवताना डुलक्या घेतात. घास हातात असतो."

सिगारेट, सकाळचं खाणं, चालणं, कान, दिवसाकाठी माणसांशी बोलणं, असं एकेक डॉक्टर विचारत गेली. तो उत्तरं देई, बायको दुरुस्त करी. शेवटी वडिलांचं निघालं, ते सगळं मात्र त्यानेच सांगितलं.

"मला एवढंच सांगा," तो म्हणाला. "मी त्यांच्याच वाटेवर आहे का?"

"आज मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाली. "वडिलांकडून काही आलं असेल, तर ते तुमच्या हातात नाही, माझ्याही नाही. पण पंचवीस वर्षं तुम्ही डोक्याला झोपू दिलेलं नाही. दिवसभरात जे साचतं ते डोकं झोपेत आवरतं. तुम्ही त्याला आवरायला वेळच देत नाही. रक्तदाब वाढलाय, एक कान बंद, माणसं तोडलीत. यातलं किती वडिलांचं आणि किती तुमचं, ते हे सगळं सुधारल्याशिवाय मला कळणार नाही. सहा महिन्यांनी या."

"म्हणजे रोजची, न लावता उरलेली थैली," तो स्वतःशीच म्हणाला. बायकोला ते कळलं, डॉक्टरला नाही.

घरी आल्यावर तो सवयीने खुर्चीकडे वळला. बायको आधीच तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

"मामंजींना जाऊन एकोणीस वर्षं झाली. दार कुणासाठी राखताय?"

त्याने दाराच्या वरच्या कडीकडे बघितलं. मग म्हणाला, "आधी त्यांच्यासाठी राखत होतो. नंतर वाटायला लागलं, झोपलो आणि आपणच उठून चालू लागलो तर? कळणार कुणाला?"

एवढ्या वर्षांत त्याने हे वाक्य पहिल्यांदा उच्चारलं होतं. बायको खाली बसली, त्या खुर्चीतच, कारण जवळ दुसरं काही नव्हतं.

"मला कळेल," ती म्हणाली. "मी काय मेले आहे का? इतकी वर्षं बाजूला निजतेय. तुमचा पाय हलला तरी जागी होते मी. तुम्ही तिकडे खुर्चीत आणि मी इकडे टक्क जागी, असे दोघं मिळून कुणाची राखण करत होतो, सांगा मला."

तिलाही झोप नव्हती, हे त्याला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.

सोमवारी तो एक स्टॉप आधी उतरून कचेरीपर्यंत चालत गेला. पोटात दोन पोळ्या होत्या आणि त्या त्याला वाटेत सारख्या जाणवत होत्या. आधी साहेबाकडे जाऊन त्याने सगळं सांगितलं, चार महिने धरून. ताईंचं नाव घेतलं नाही. शेवटचे दोन तास मला मांडणीवरून काढा, त्या वेळात परत आलेल्या पत्रांचं काम द्या, म्हणाला. साहेब मान हलवत राहिला.

मग तो आपल्या जागेवर आला. कागद आडवा कापून एकशे चव्वेचाळीस पट्ट्या केल्या, डिंकाची बाटली घेतली आणि वरच्या रांगेपासून खणांची नावं लिहू लागला. अक्षर सुबक. यंत्र चालू होतं, पण बाकी सगळं थांबलं होतं. शिपाई थैली खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिला. इतक्या वर्षांत कोऱ्या मांडणीवर आपणहून चिठ्ठ्या लावणारा माणूस तिथे कुणी पाहिला नव्हता.

"नकाशा छापायला काढलात वाटतं," ताई म्हणाल्या.

"तुमच्या एका डोळ्याला दिसावा म्हणून."

त्या पुढे आल्या आणि डिंकाची बाटली धरून उभ्या राहिल्या. गिरणीच्या जुन्या खणापाशी त्याचा हात थांबला. त्याने पट्टीवर इस्पितळ वसाहत असं लिहिलं, चिकटवलं आणि अंगठ्याने बराच वेळ दाबून धरलं.

त्या दिवशी दहालाच तो अंथरुणावर पडला. खुर्ची स्वयंपाकघरात गेली होती, तिच्यावर आता धुतलेली पातेली पालथी होती. झोप लवकर लागली नाही. छताकडे बघत त्याने सतराव्या विभागातल्या गल्ल्या मनात मोजल्या, आणि नवव्या गल्लीच्या पुढे कुठेतरी श्वास संथ झाला.

बायकोने दिवा मालवायच्या आधी दाराकडे बघितलं. खालची कडी लागलेली होती. ती उठली, स्टूल ओढलं, आणि एकोणीस वर्षं न वापरलेली वरची कडी आवाज होऊ न देता सरकवली.