लाल झालेल्या पताका

कात्रीआत्या हे नाव मुलांनी ठेवलेलं. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण तिला ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही असावं. पडदे शिवणाऱ्या दुकानात, खिडकीजवळच्या मशीनवर तिची उभी हयात गेली. पडदा कुणीही शिवलेला असो, ती आधी उलटा करून बघायची. "समोरून काय, सगळेच गोड दिसतात," असं ती म्हणे. ते पडद्यांबद्दल की माणसांबद्दल, हे ऐकणाऱ्याने आपलं ठरवावं.

लग्न तिच्या धाकट्या भाचीचं, म्हणजे छोटीचं होतं. आत्या राहायची भावाच्याच घरी, मागच्या खोलीत, त्यामुळे ही पोर तिच्या मशीनच्या आवाजावरच झोपायला शिकलेली. छोटीने जाहीर केलं की लग्नात प्लॅस्टिकची फुलं नकोत, थर्माकोल नको, दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या गाडीत जाईल असं काहीच नको.

"मग पाहुण्यांना काय, नुसत्या भिंती दाखवायच्या?" वडिलांनी विचारलं.

"भिंतींचं मी बघते," आत्या म्हणाली. "केकचंही बघते. तू खुर्च्यांचं बघ, बाळ्या, आणि मध्ये मध्ये करू नकोस."

केस पिकलेल्या माणसाला घरात बाळ्या म्हणणारी ती एकटीच उरली होती, म्हणून वडील गुपचूप खुर्च्यांच्या मागे लागले.

आत्याने कामाला हात घातला तो पडदे शिवणाऱ्या बाईसारखाच. दुकानात उरणाऱ्या तुकड्यांच्या तिने इवल्या पिशव्या शिवल्या आणि प्रत्येकीत झेंडूच्या बिया भरल्या. बिया खिडकीतल्या कुंड्यांमधल्या, वर्षभर कागदावर वाळवून ठेवलेल्या. पाहुण्यांनी घरी जाऊन त्या मातीत टाकायच्या, पिशवीत बटणं ठेवायची. केक तिने आधी करून पाहिला. गाजर किसून घातलेला, वर संत्र्याची साल. त्याचे थर सुरीने कापताना चुरा पडू लागला, तशी तिने मशीनमधला दोरा ओढला, पाण्यातून काढला, दोन्ही हातांत ताणून धरला आणि केकमधून असा सरकवला की दोन्ही चकत्या काचेसारख्या सपाट. "शिवायच्या दोऱ्याने केक?" छोटीची आई ओरडली. "धुतलाय गं," आत्या म्हणाली. "आणि सुरीपेक्षा सरळ चालतो. तुझ्या नवऱ्यापेक्षाही."

पताकांसाठी पडद्यांचं पांढरं अस्तर होतं. कापड आधी भिजवून आटवायचं, मग रंगवायचं, आणि कात्री सगळ्यात शेवटी, हा तिचा नियम. म्हणून अस्तराचे अख्खे पन्हे, न कापलेले लांब पट्टे, तिने हळदीच्या पाण्यात उकळले आणि बाथरूममधल्या टबात मुरत ठेवले. घरातल्या प्रत्येकाला बजावलं, "टबाला कुणी हात लावायचा नाही. साबणाचा थेंबही पडता कामा नये."

छोटीला पताकांची काळजी नव्हती. तिला काळजी होती आत्याच्या जिभेची, आणि त्याला कारण होतं. थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या होणाऱ्या सासूबाईंनी एक चादर आणली होती. आत्याने सवयीने ती उलटी केली आणि भरल्या बैठकीत विचारलं, "ही शिवण काय डोळे मिटून घातलीय?" शिवण सासूबाईंनी स्वतःच घातली होती. त्यानंतर त्या या घरात आल्या तेव्हा पाणीसुद्धा न पिता गेल्या, आणि थोरली आजतागायत दोन घरांच्या मध्ये लोंबकळते आहे.

"आत्या, माझ्या सासूबाईंना काही बोलू नकोस हं," छोटीने हात धरून सांगितलं होतं.

"मी काय बोलते गं? जे असतं ते बोलते."

"तेच बोलू नकोस."

लग्न परवावर आलेलं. आत्या पिशव्यांच्या नाड्यांसाठी सुतळी आणायला बाजारात गेली होती, आणि छोटी आईबरोबर शेजारणीच्या मोठ्या ओव्हनपाशी. अशा वेळी विहीणबाई, छोटीच्या होणाऱ्या सासूबाई, न सांगता मदतीला आल्या. औषधांच्या दुकानात गल्ल्याच्या पलीकडे उभ्या राहणाऱ्या, हळू बोलणाऱ्या, सगळ्यांची आधीच माफी मागून ठेवणाऱ्या बाई. हात रिकामे राहिले की त्या धास्तावत. छोटीच्या वडिलांनी त्यांना बसायला सांगितलं आणि ते खुर्च्यावाल्याशी फोनवर भांडत बाहेर गेले. बाई हात धुवायला म्हणून बाथरूममध्ये गेल्या.

केकचे गरम डबे घेऊन छोटी घरात शिरली, तर मागच्या गॅलरीत दोरीवर सगळे पन्हे वाळत घातलेले, आणि सगळे विटकरी लाल.

"डाग फार हट्टी होते हो," विहीणबाई बाह्या सारख्या करत म्हणाल्या. "कुणीतरी हळद सांडलेली दिसते. पण मीही हट्टी. साबण लावला, धुण्याचा सोडा घातला. पिवळा गेला, पण हा लाल कुठून उगवला, ते काही कळेना."

तेवढ्यात आत्या आणि वडील दोघेही दारात हजर.

"अहो, हे काय!" वडील ओरडले. "त्या लग्नाच्या पताका होत्या! हळदीत रंगवायला ठेवलेल्या!"

विहीणबाईंनी दोरीकडे पाहिलं. "अगंबाई," एवढंच त्या म्हणाल्या. मग भराभर कपड्यांचे चिमटे काढायला लागल्या. "मी आत्ता जाते, नवीन कापड आणते. काय करून बसले मी..."

आत्या पुढे झाली. छोटीने डबे कट्ट्यावर ठेवले, कारण हातातून पडले असते. आत्याने पहिला पन्हा धरला, उलटा केला, कडेने बोट फिरवत शेवटपर्यंत नेलं. पुढचाही उलटा केला. छोटीला चादर आठवली आणि तिने डोळे मिटून घेतले.

"एक कोपरासुद्धा सुटलेला नाही," आत्याचा आवाज आला. "किती घासलंत हो तुम्ही! बोटं सोलवटली असतील. दाखवा बघू."

छोटीने डोळे उघडले. आत्याने विहीणबाईंचा हात आपल्या हातात घेतला होता.

"चूक माझी," आत्या म्हणाली. "कापड असं उघडं टाकून जातात का? कुणाला सांगितलं नाही, काही नाही. तुमच्या जागी मी असते तर मीही धुतलं असतं."

वडिलांनी तोंड उघडलं, कारण त्यांना तर तिने चांगलं बजावून सांगितलं होतं. आत्याने त्यांच्याकडे अशी एक नजर टाकली की ते तोंड आपोआप मिटलं. कामाच्या बाबतीत आत्या खोटं बोललेली छोटीने जन्मात पहिल्यांदा ऐकली.

"छोटे, लिंबू आण."

आत्याने वाटीत लिंबू पिळलं आणि बोट बुडवून एका कोपऱ्याला लावलं. लाल कापडावर बोटाएवढा लख्ख पिवळा ठिपका उमटला.

"सुटलो!" वडील म्हणाले. "बुडव सगळं लिंबात, झालं पहिल्यासारखं."

आत्याने त्या ठिपक्याकडे पाहिलं, मग विहीणबाईंकडे. त्या अजून हातात चिमटे घट्ट धरून उभ्या होत्या.

"बुडवायचं कशाला? लाल काय वाईट दिसतो? विहीणबाई, तुम्हाला पान काढता येतं?"

"मला? छे हो! शाळा सुटली तसा ब्रश सुटला."

"देठाची एक रेघ आणि दोन बाजू. या, बसा."

त्या दोघी गॅलरीत जमिनीवर बसल्या. आत्याने पन्ह्यांचे त्रिकोण कापले आणि विहीणबाईंनी लिंबाच्या रसात ब्रश बुडवून त्यांवर पानं काढली. पहिलं पान भलतंच जाड आणि वाकडं झालं. आत्याचे ओठ हलले, आणि तिने ते दाबून धरले. छोटीला ते बघवेना.

"मासा झाला की हो हा!" विहीणबाईच म्हणाल्या.

"शेपूटसुद्धा आलीय," आत्या म्हणाली, आणि दोघी अशा हसल्या की वाटी कलंडता कलंडता राहिली.

लग्नाच्या दिवशी सभागृहात या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल पताका होत्या, त्यांवर पिवळी पानं, मधूनच एखादा मासा. कुणी कौतुक केलं की आत्या म्हणायची, "पानं विहीणबाईंची. मी नुसतं कापलं." विहीणबाई केकची बशी हातात घेऊन पुन्हा पुन्हा वर बघत होत्या.

पाहुणे गेल्यावर पताका उतरवताना त्या आत्याजवळ आल्या. "एक विचारू? यांचा माझ्या स्वयंपाकघराला पडदा होईल का हो?"

"होईल की. पण जोडायला तुम्हाला माझ्या शेजारी बसावं लागेल. आणि शिवण वाकडी गेली तर मी बोलणार, आधीच सांगून ठेवते."

कपबश्या गोळा करणारी छोटी जागच्या जागी थांबली.

"बोला ना," विहीणबाई म्हणाल्या. "बोलल्याशिवाय मला शिवण यायची कशी?" आणि शिडीवर चढलेल्या आत्याच्या हातातलं पताकांचं टोक त्यांनी खालून ओढून घेतलं.